शेतरस्ता अडला तर तहसील कचेरीत काय करायचं: गावनकाशा, मामलेदार कोर्ट आणि कलम 143

तालुक्याच्या गावी 'कोर्टात जातो' असं म्हणणाऱ्या माणसाला आधी विचारावं लागतं, कुठल्या? तिथे कोर्टं दोन असतात. एक दिवाणी न्यायाधीशांचं, काळ्या कोटांचं. दुसरं तहसील कचेरीत. सातबारा, रेशनकार्ड, दुष्काळाची यादी हे सगळं पाहणारा तहसीलदारच तिथे ठरलेल्या दिवशी मामलेदार म्हणून न्यायाला बसतो. शेतात जायची वाट बांधावरच्या माणसाने अडवली, तर बहुतेक वेळा पहिला दरवाजा हाच. वाया जाणाऱ्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज खोटे नसतात. चुकीच्या कलमाखाली, चुकीच्या तारखेने आणि अर्ध्याच लोकांना सामनेवाले करून दिलेले असतात.

तालुक्याला चार ठिकाणी कामं विभागलेली आहेत, ती आधी नीट समजून घ्या. तहसील कचेरीत तहसीलदार. त्यांच्या हाताखाली नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि गावचा तलाठी. तलाठ्याचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, पण गावात कोणी तसं म्हणत नाही. उपअधीक्षक भूमि अभिलेख हे वेगळं कार्यालय. गावनकाशा, टिपण, गटाचा नकाशा आणि मोजणी तिथली. पंचायत समिती म्हणजे बीडीओ, गटविकास अधिकारी, त्यांच्याकडे रस्ता बांधायचे पैसे. चौथं दिवाणी न्यायालय. भूमि अभिलेख हद्द दाखवतं, रस्ता देत नाही. पंचायत समिती मुरूम टाकते, वाद मिटवत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव पुरावा म्हणून चालतो, आदेश म्हणून नाही. म्हणून ठराव हातात घेऊन 'रस्ता मंजूर झाला' असं समजून जेसीबी लावू नका. उलट तुमच्यावरच तक्रार होईल.

आधी वाट कुठल्या जातीची ते ठरवा

तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

पहिला, नकाशावरचा रस्ता. गावनकाशावर दोन तुटक रेषांनी गाडीवाट दाखवलेली असते, एका तुटक रेषेने पायवाट. ही वाट कोणाच्या बापजाद्यांनी दिलेली नसते, मूळ पाहणीच्या वेळीच ती नोंदलेली असते. हिची रुंदी पारंपरिक मापाने धरतात: एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता 33 फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते 21 फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. हे सव्वाआठ नि साडेसोळा आकडे विचित्र वाटतात, पण ते साखळीतून आले आहेत. पाहणीची साखळी 33 फुटांची आणि तिचे आणे सोळा. चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट.

दुसरा, वहिवाटीची वाट. नकाशावर नाही, पण वर्षानुवर्षं बैलगाडी, आता ट्रॅक्टर, तिथूनच जातो. ती परवापर्यंत चालू होती आणि आता अडवली.

तिसरा, वाट कधी नव्हतीच. वाटणीत किंवा खरेदीत मधला तुकडा वाट्याला आला आणि आजवर शेजाऱ्याच्या मर्जीने जाणं-येणं झालं.

पहिल्या दोन प्रकारांना मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5. तिसऱ्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143. यांची सरमिसळ झाली की केस बुडते. कलम 5 खाली तहसीलदार फक्त असलेल्या वाटेवरचा अडथळा काढू शकतो, नवी वाट देऊ शकत नाही. कलम 143 खाली नवी वाट देता येते, पण ती बांधावरूनच, म्हणजे गटांच्या हद्दीवरून. शेताच्या मधून नाही. 'कलम 143 अन्वये गट क्र. अमुकच्या मधून जाणारा जुना रस्ता खुला करून मिळावा' असा अर्ज दिला, तर त्या एका वाक्यात दोन कायदे एकमेकांना कापतात. समोरच्याचा वकील फक्त तेवढंच वाचून दाखवेल.

नकाशावरच्या रस्त्यावर अतिक्रमण झालं असेल आणि कलम 5 ची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली असेल, तरी हातपाय गाळू नका. तो रस्ता खाजगी नाही. अतिक्रमण काढण्यासाठी तहसीलदारांकडे वेगळा अर्ज देता येतो. सोबत भूमि अभिलेखकडून रस्त्याची हद्द कायम करून घ्या, नाहीतर 'रस्ता माझ्या नाही, पलीकडच्याच्या शेतात आहे' हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो.

सहा महिने, आणि ते कधीपासून

कलम 5 ची मुदत सहा महिने. ती मोजायची अडथळा पहिल्यांदा सुरू झाल्यापासून. इथे लोक फसतात. जानेवारीत शेजाऱ्याने वाटेवर चर खणला, तुम्ही तो भरून काढला. मार्चमध्ये बाभळीच्या फांद्या टाकल्या, तुम्ही बाजूला केल्या. जूनमध्ये तारेचं कुंपण घातलं तेव्हा तुम्ही कचेरीत गेलात. समोरचा जानेवारीपासून मोजेल, आणि कायद्याची भाषा त्याच्या बाजूने आहे. पहिला अडथळा आला त्या आठवड्यातच तलाठ्याला लेखी कळवा, पोच घ्या, आणि गावकी-भावकीच्या बैठका सुरू ठेवायच्या असतील तर त्या अर्ज दाखल केल्यावर ठेवा. 'पेरण्या होऊ दे, मग बघू' यात सहा महिने सहज जातात. 10 जूनला वाट अडली तर 10 डिसेंबरच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. म्हणजे सोयाबीन काढून गहू-हरभरा पेरेपर्यंत मुदत संपत आलेली असते.

म्हणून अर्जातलं तारखेचं वाक्य सगळ्यात जपून लिहा.

असं लिहू नका: 'गेल्या काही दिवसांपासून सामनेवाले मला त्रास देत असून रस्ता बंद केला आहे.'

असं लिहा: 'दि. 10/06/2025 रोजी सकाळी सामनेवाले क्र. 1 यांनी गट क्र. 112 च्या पूर्व बांधालगतच्या वहिवाटीच्या गाडीरस्त्यावर, गावरस्त्यापासून अंदाजे 150 फूट अंतरावर, जेसीबीने आडवा चर खोदून रस्ता बंद केला. त्यापूर्वी सदर रस्ता विनाअडथळा वापरात होता.'

दुसऱ्या वाक्यात कोणी, कधी, कुठे, काय आणि आधीची स्थिती ही पाचही उत्तरं आहेत. पहिल्यात एकही नाही.

कलम 143 ला अशी मुदत नाही. तिथे प्रश्न गरजेचा असतो: तुम्हाला शेतात जायला दुसरी वाट आहे का? पर्यायी वाट असेल आणि ती फक्त लांबची असेल, तर अर्ज टिकणं अवघड. 'दुसरा कोणताही रस्ता उपलब्ध नाही' हे नुसतं लिहू नका. चारही दिशांना कोणाचा गट आहे, तिकडून का जाता येत नाही (ओढा, विहीर, उंच ताल, फळबाग) ते एकेका ओळीत सांगा.

कागद

स्वतःच्या गटाचा ताजा सातबारा आणि 8अ, म्हणजे खात्याचा उतारा. ज्या-ज्या गटातून वा ज्यांच्या बांधावरून वाट जाते, त्या प्रत्येक गटाचा सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, यासाठी तलाठ्याच्या मागे फिरू नका. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गटाचा नकाशा फुकट पाहता येतो. शेजारी कोण आहेत हे कळायला तो उत्तम, पण केसमध्ये भूमि अभिलेखची सही-शिक्क्याची गावनकाशाची नक्कल लावा. खरेदीने जमीन घेतली असेल तर खरेदीखत, कारण त्याच्या चतुःसीमेत 'पूर्वेस रस्ता' असे दोन शब्द असतील तर निम्मं काम होतं. वाटणीपत्र असेल तर तेही.

एका कागदाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आजचे गट नंबर हे अनेक गावांत 1947 च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखालच्या एकत्रीकरणानंतर पडले. त्याआधी सर्व्हे नंबर आणि हिस्से होते. एकत्रीकरणात कित्येक छोट्या वाटा कागदावरून गळल्या, जमिनीवर मात्र राहिल्या. म्हणून जुना सर्व्हे नंबर शोधा आणि एकत्रीकरणापूर्वीचा नकाशाही मागवा. कोकणात अनेक गावांत आजही सर्व्हे-हिस्सा नंबरच चालतो, तिथे ही भानगड नाही. तिथे गडग्यातली (दगडी कुंपणातली) पाखाडी, म्हणजे पायवाट, हाच पुरावा. तलाठी दप्तरात 'वाजिब-उल-अर्ज' नावाचं पत्रकही असतं. गावातले रूढीचे हक्क, वाटा आणि पाणवठे त्यात नोंदलेले असतात. विचारलं तर 'ते जुनं आहे, सापडत नाही' असं उत्तर येईल. लेखी मागा.

नकाशावरून वाटेची रुंदी मोजायला जाऊ नका. 1:10,000 प्रमाणाच्या नकाशावर तीन मीटरची वाट 0.3 मिलिमीटर होते, तेवढी तर शाईची रेषाच असते. नकाशा दिशा आणि अस्तित्व सांगतो. रुंदी प्रमाणित माप, वापर आणि मोजणीवरून ठरते.

फोटो काढताना अडथळा एकदा जवळून आणि एकदा लांबून घ्या. लांबच्या फोटोत न हलणारी खूण हवी: विजेचा खांब, विहीर, मोठं झाड. वाटेवरची चाकोरी, म्हणजे चाकांनी पडलेले दोन समांतर खोलगट पट्टे, पाऊस नि नांगरट होण्याआधी टिपून ठेवा. वहिवाटीचा याहून बोलका पुरावा दुसरा नाही. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. उन्हाळ्यातल्या, पीक नसतानाच्या चित्रात वाट पांढऱ्या रेघेसारखी उठून दिसते. दोन-तीन वेगळ्या वर्षांची चित्रं छापून लावा.

सामनेवाले कोण

सर्वांत जास्त फेरचौकशीला परत येणाऱ्या केसेस इथल्या असतात. वाट अडवणारा एक भाऊ असतो, सातबाऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी असतात. फक्त अडवणाऱ्याला सामनेवाला केलं, आदेश मिळाला, आणि पुण्याला राहणाऱ्या बहिणीने प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, दाद मागितली: मला नोटीसच नाही. प्रांत आदेश रद्द करून केस परत पाठवतात, वर्ष गेलं. सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव घ्या. मयत असेल तर वारस घ्या. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कोणाची वहिवाट वा करार असेल तर तेही. पत्ते खरे द्या. नोटीस बजावली गेली नाही तर तारखा पडत राहतात आणि दोष कचेरीला जातो.

कलम 143 मध्ये बांधाच्या दोन्ही बाजूंचे धारक लागतात, कारण वाट दोघांच्या जमिनीतून निम्मी-निम्मी काढायची असते. एकाच बाजूवर सगळी रुंदी टाकली तर तो आदेश अपिलात टिकत नाही, आणि शेजारही टिकत नाही.

वाट दोन गावांच्या शिवेवरून जात असेल तर दोन्ही गावांचे नकाशे जोडा. एका नकाशात ती अर्धीच दिसते. कालव्याची सेवावाट, वनखात्याची हद्द, गायरान हे विषय निराळे. त्या खात्याला सोडून नुसत्या शेजाऱ्यावर दावा लावून उपयोग नाही.

अर्ज दाखल करताना

वर 'मा. तहसीलदार तथा मामलेदार' असं लिहा, आणि विषयात कलम. अर्जदार-सामनेवाल्यांचं नाव, वय, धंदा, पत्ता, वाटेचं वर्णन, अडथळ्याचं ठिकाण, कारण घडल्याची तारीख, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी, शेवटी नेमकी मागणी. खाली 'वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं सत्यापन आणि सही. हे सत्यापन राहिलं तर अर्ज दावा म्हणून घेतला जात नाही. हातानं एक कच्चा नकाशा काढा: उत्तर दिशा, गट नंबर, वाट लाल शाईने, अडथळ्यावर फुली. कोर्ट फी स्टॅम्प किती लागतो ते टेबलावर विचारा. सामनेवाले जितके, तितक्या प्रती जास्त. आवक नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

ऊस तोडणीला आला आहे, फळं उतरवायची आहेत, अशी निकड असेल तर त्याच अर्जात निकाल लागेपर्यंत अडथळा करू नये असा तात्पुरता मनाई आदेश मागा. वेगळं मागितलं नाही तर आपोआप कोणी देत नाही. पिकाची निकड दाखवायला कारखान्याची तोडणीची तारीख किंवा तसा काही कागद लावा.

स्थळपाहणीचा दिवस

केस इथे जिंकली किंवा हरली जाते, कचेरीत नाही. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार स्वतः येतात, पंचनामा होतो. दोन्ही बाजूंना आधी नोटीस हवी. नसेल तर ते त्याच वेळी लेखी नोंदवा. वाट चालत दाखवा, बांधावर उभं राहून हातवारे करू नका. गावरस्त्यापासून सुरुवात करून तुमच्या शेतापर्यंत, प्रत्येक गट ओलांडताना गट नंबर लिहिला जातोय का ते पाहा. रुंदी तिथेच टेपने मोजून घ्या, किमान तीन ठिकाणी. जुनी मोरी, पाइप टाकलेली जागा, झाडांच्या मधली मोकळी पट्टी, फाटकाचे जुने खांब या वस्तू पंचनाम्यात शब्दांनी आल्या पाहिजेत. 'रस्ता असल्याचे दिसून येते' एवढं पुरत नाही.

पंच तुमचे चुलतभाऊ नकोत. वाट वापरणारा पण वादात नसलेला शेतकरी, पूर्वी तिथून ऊस वाहिलेला ट्रॅक्टरवाला, असे चालतात. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि पंचनाम्यात काही चुकीचं लिहिलं गेलं तर सही नाकारण्यापेक्षा सहीच्या वर 'अमुक मुद्दा मान्य नाही' असं लिहून सही करा. त्या दिवशी बांधावर भांडण झालं तर अहवालात वाटेऐवजी भांडणच जास्त येतं. घरातले तापट गडी घरीच ठेवलेले बरे.

आदेशात काय असायला हवं

आदेश हातात आला की आनंदाआधी तो वाचा. कुठल्या गटापासून कुठल्या गटापर्यंत, कोणत्या दिशेने, कोणत्या बांधावरून, दोन्ही बाजूंनी किती-किती, एकूण रुंदी आणि लांबी. यातलं काही नसेल तर अंमलबजावणीला आलेला कर्मचारी 'कुठून काढू?' म्हणून परत जाईल. रुंदीबद्दल पूर्वी बांधाच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट अशी आठ फुटी वाट द्यायचा रिवाज होता. ट्रॅक्टर-ट्रॉली सरळ बांधावर आठ फुटांत निघते, वळणावर अडकते; हार्वेस्टर तर शिरतच नाही. 22 मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी आणि प्रकरण 90 दिवसांत निकाली काढावं, असं सांगितलं आहे. अर्जात रुंदी मागताना त्याचा दाखला द्या. वळणाच्या ठिकाणी जास्त रुंदी हवी असेल तर ते त्या कोपऱ्याचं नाव घेऊन मागा.

कलम 143 ने वाट मिळाली म्हणजे जमीन तुमची होत नाही. क्षेत्र शेजाऱ्याच्याच नावावर राहतं, तुम्हाला फक्त जायचा-यायचा हक्क. तिथे पाइपलाइन पुरायची किंवा झाडं लावायची तर ती वेगळी बाब.

समोरचा वर गेला तर

कलम 143 च्या आदेशावर प्रांतांकडे अपील, 60 दिवसांत. किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा. एकदा दिवाणी दावा लावला की महसुली अपिलाचा रस्ता बंद होतो, म्हणून दोन दगडांवर पाय ठेवू नका. मामलेदार कोर्टाच्या कलम 5 च्या आदेशावर अपील नाही, फक्त फेरतपासणी. ती जिल्हाधिकाऱ्यांची, प्रत्यक्षात बहुधा प्रांतांसमोर चालते. हक्काचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयाचा. वीस वर्षांच्या वापराने मिळालेला हक्क किंवा वाटणीमुळे निर्माण झालेली गरजेची वाट हे मुद्दे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातले, आणि तेही तिथेच मांडायचे. सहा महिने हुकलेल्यांनाही तोच दरवाजा.

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच: तिथल्या मामलेदार कोर्टाचा कायदा 1966 चा, वेगळा आहे. इथली कलमं तिथल्या अर्जात घालू नका.

आदेशानंतर

अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबायचं की लगेच अंमलबजावणी मागायची, हा प्रश्न येतो. स्थगिती नसेल तर मागा, आणि लेखी मागा. मंडळ अधिकारी जाऊन वाट मोकळी करतात. तणाव असेल तर पोलीस बंदोबस्ताची मागणी त्याच अर्जात घाला. उभं पीक असेल तर काढणीपर्यंत थांबण्याची तारीख लेखी ठरवा, नाहीतर एका पिकाचा खोडवा होतो, थांबणं लांबतच जातं. मोकळी केलेली वाट पुन्हा अडवली तर तो आदेशभंग. पूर्वी भारतीय दंड संहितेचं 188, आता भारतीय न्याय संहितेचं 223.

प्रकरण चालू असतानाच तडजोड झाली तर उत्तम, पण ती हॉटेलात चहावर नको. तहसीलदारांसमोर, रुंदी आणि गट नंबरांसह लिहून, सर्व खातेदारांच्या सह्यांनी व्हावी आणि आदेशात यावी. तोंडी तडजोड ज्यांनी केली ती दोन माणसं असेपर्यंत टिकते, मुलांच्या हातात शेत गेलं की पहिला चर तिथेच पडतो.

मग तलाठ्याकडे आदेशाची नक्कल देऊन फेरफार धरायला सांगा. पुढच्या महिन्यात सातबारा काढताना स्वतःचा काढू नका, शेजाऱ्याच्या गटाचा काढा. वाटेची नोंद त्याच्या इतर हक्कात दिसली पाहिजे, कारण उद्या ती जमीन विकली गेली तर नवा घेणारा तोच कागद वाचणार आहे.